हयातीचा दाखला

रात्री तीनच्या सुमारास मला जाग येते. गजर नसतो, कुणी हाक मारलेली नसते, वाईट स्वप्नही पडलेलं नसतं. डोळे उघडतात आणि छातीवर कुणीतरी गार हात ठेवल्यासारखं वाटतं. पंखा फिरत असतो. शेजारी नवरा गाढ झोपलेला, पलीकडच्या खोलीत आई, वरच्या खोलीत मुलगा. सगळं जिथल्या तिथे, तरी काहीतरी भयंकर होऊन गेलंय आणि ते फक्त मलाच कळलंय असं वाटत राहतं. मग ते वाक्य येतं, दर वेळी त्याच शब्दांत. मी नसेन आणि हे सगळं असेल.

दिवसा वाचलं तर या वाक्यात काहीच नाही. मरण कुणाला चुकलंय, हे आपण पोरवयापासून ऐकतो. कुणाकडे सांत्वनाला गेलो की स्वतःच म्हणतोही. पण माहीत असणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं. रात्री तीनला ते अंगावर येतं. घशाला कोरड पडते, तळहात ओले होतात, आणि उठून बसलं तरी पळून जायला जागा नसते, कारण ज्याच्यापासून पळायचं ते कुठे बाहेर नाहीच.

हे सुरू झालं तेव्हा बाबांना जाऊन चौदा महिने झाले होते. ते गेले तेव्हा मी खूप रडले, पण घाबरले नाही. आता कळतं, घाबरायला सवडच नव्हती. पहिल्या दिवसापासून घर माणसांनी भरलेलं. चुलीला विसावा, शेजारून पिठलं-भात येतोय, कुणी ना कुणी रात्री मुक्कामाला. दहाव्याला सगळे घाटावर. पिंडाला कावळा शिवेना म्हणून आम्ही अर्धा तास उन्हात उभे राहिलो, मग काका पुढे झाले आणि मोठ्याने म्हणाले, “दादा, वहिनीची काळजी करू नका, आम्ही आहोत.” दोन मिनिटांत कावळा शिवला. त्या क्षणी सगळ्यांच्या खांद्यांवरचा भार एकदम उतरलेला मी डोळ्यांनी पाहिला. कावळ्याचं काय ते मला माहीत नाही. पण ‘आम्ही आहोत’ हे चारचौघांत मोठ्याने म्हणावं लागतं, आणि त्यासाठी एक जागा, एक वेळ नेमून दिलेली आहे, हे ज्याने कुणी ठरवलं त्याला माणसाचं मन फार कळत असलं पाहिजे.

मरणासाठी आपल्याकडे तेरा दिवस आहेत. मरणाच्या भीतीसाठी एकही नाही. ती चौदा महिन्यांनी आली तेव्हा घरात मुक्कामाला कुणी नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलंही नाही. सांगणार तरी काय?

शब्दसुद्धा मिळेना. धसका म्हणावा, तर धसक्यामागे काहीतरी घटना असते. धाकधूक निकालाची असते. हुरहुर कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लागले की होते. यात ना घटना, ना निकाल, ना वाट. सोरेन किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाने 1844 साली या भावनेवर अख्खं पुस्तक लिहिलं. भीतीला नेमकं काहीतरी समोर लागतं, या अस्वस्थतेला काहीच लागत नाही, असा फरक त्याने केला आणि तिला खोल दरीत डोकावणाऱ्याच्या भोवळीची उपमा दिली. मला ती उपमा पटली. भोवळ दरीत असते तितकीच बघणाऱ्याच्या डोळ्यांत असते. पण तरी माझ्या तोंडात बसेल असा शब्द तो नव्हता. आमच्या घरात अशा वेळी एकच शब्द वापरतात. आई म्हणते, “कसंतरीच होतंय.” पोटात दुखत असेल तर ती पोटात दुखतंय म्हणते, डोकं दुखत असेल तर डोकं. जिथे बोट ठेवता येत नाही तिथे ‘कसंतरीच’. मला त्याहून नेमका शब्द अजून सापडलेला नाही.

आधी मी डॉक्टरांकडे गेले, आणि हे प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. थायरॉइड वाढलं असेल तरी छाती धडधडते, घाम येतो, झोप उडते. माझ्या वयात, म्हणजे सत्तेचाळिसाव्या वर्षी, पाळीच्या चढउतारांनीही हे होतं. तपासण्या नीट आल्या. तीन वाजताच का, तेही डॉक्टरांनी सांगितलं. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते. सुमारे दीड तासाचं एक आवर्तन, अशी आवर्तनं जसजशी पुढे सरकतात तशी झोप हलकी आणि स्वप्नांची होत जाते. पहाटेकडे शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढायला लागतं, कारण उठायची तयारी सुरू झालेली असते. म्हणजे अंग जागं व्हायला निघालेलं आणि समोर करायला काही काम नाही. अशा रिकाम्या वेळी मन हाताला लागेल ते उचलतं, आणि माझ्या हाताला नेमकं हेच लागत होतं.

खरं तर ते आधीही एकदा लागलं होतं. मी नऊ वर्षांची असताना.

बाबा भूगोल शिकवायचे. आम्ही वाईचे. पाचगणीला आत्याकडे जाताना एकदा पसरणीच्या घाटात एसटी बंद पडली. सगळे खाली उतरले. बायका दगडांवर बसल्या, पुरुष ड्रायव्हरभोवती जमले आणि बाबा मला हाताला धरून रस्त्याच्या आतल्या बाजूला घेऊन गेले. डोंगर कापून रस्ता केलेला, त्यामुळे त्याचं पोट उघडं पडलेलं. काळा कातळ, त्यावर पुन्हा काळा कातळ, आणि दोन्हींच्या मधे विटेच्या रंगाचा हातभर रुंद पट्टा. बाबांनी त्या पट्ट्यावर बोट फिरवलं, बोटाला लाल भुकटी लागली.

“ही माती आहे,” ते म्हणाले. “खालचा थर म्हणजे लाव्हा. तो थंड झाला, हजारो वर्षं तसाच पडून राहिला, वरून झिजला, त्याची माती झाली. मग पुन्हा जमीन फाटली आणि वरून दुसरा लाव्हा आला. त्याने ती भाजली, म्हणून लाल.”

“कधी?”

“साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.”

“मग तेव्हा इथे कोण राहायचं?”

“कोणीच नाही. माणूसच नव्हता.”

हे सांगताना बाबांचे डोळे चमकत होते. त्यांना यात केवढा आनंद होता! अख्खा सह्याद्री, महाबळेश्वरपर्यंतचा, असा थरावर थर रचत उभा राहिलेला. कित्येक उद्रेक, कित्येक शांत काळ. त्यांना ते गोष्टीसारखं वाटायचं. मला मात्र त्या लाल पट्ट्याकडे बघताना पहिल्यांदा कसंतरी झालं. हजारो वर्षं माती पडून होती. ऊन पडत होतं, पाऊस पडत होता आणि ते बघायला कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं, तरी सगळं चालू होतं. त्या रात्री आत्याकडे मी आज्जीचा पदर मुठीत धरून झोपले. आज्जीने कारण विचारलं नाही. पदर सोडवूनही घेतला नाही.

त्यामुळे पुढे वाचनात एपिक्युरस हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ आला तेव्हा त्याचं म्हणणं मला उलटंच लागलं. आपण असतो तोवर मरण नसतं आणि मरण येतं तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कुणी, असा त्याचा सवाल. त्याच परंपरेतला रोमन कवी ल्युक्रीशियस म्हणतो, जन्माआधीच्या अनंत काळाचा आपल्याला त्रास झाला नाही, तसाच पुढच्याचाही होणार नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. पण मला तर नवव्या वर्षीच जन्माआधीच्या काळाने घाबरवलं होतं. आणि खरी गोष्ट अशी की रात्री तीनला मला ‘दुखेल’ ही भीती नसतेच. मी या घराकडे बघणार नाही, मुलगा चाळिशीत कसा दिसतो ते मला कळणार नाही, मी काय काय जपलं ते कुणाला माहीतही नसेल, ही ती गोष्ट आहे. ती युक्तिवादाने हटत नाही, कारण ती चूक नाही. ‘सकारात्मक विचार कर’ म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. जे खरं आहे ते खरं आहे असं आधी कुणीतरी म्हणायला हवं. मग पुढचं बोलता येतं.

या भीतीचं आणखी एक लक्षण मला उशिरा कळलं. ती दिवसा दुसऱ्याच रूपात बाहेर पडते. त्या काळात मी घरात फार कडक झाले होते. मुलाला दोन मार्क कमी पडले तर तासभर बोलायची. कामवाल्या मावशींनी एक खाडा केला तर पैसे कापले. 1989 साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी प्रयोग आहे. काही न्यायाधीशांना आधी स्वतःच्या मृत्यूबद्दल दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि मग सगळ्यांना एकाच खटल्यात जामिनाची रक्कम ठरवायला दिली. ज्यांनी मृत्यूबद्दल लिहिलं नव्हतं त्यांची सरासरी 50 डॉलर आली, ज्यांनी लिहिलं त्यांची 455. या प्रकारच्या काही प्रयोगांचे निष्कर्ष पुढे पुन्हा तपासले तेव्हा तसे आले नाहीत, त्यामुळे मी त्यावर फार भार टाकत नाही. पण वाचलं तेव्हा मावशींचा चेहरा समोर आला आणि मला लाज वाटली. कापलेले पैसे मी दुसऱ्या दिवशी त्यांना दिले.

शेवटी साताऱ्याला एका समुपदेशक बाईंकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी एवढंच विचारलं, “वाक्य काय येतं? जसंच्या तसं सांगा.” मी सांगितलं. त्या घाईने समजूत घालायला धावल्या नाहीत. थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “हो. तसं होणार आहे.” मी रडायला लागले. इतक्या दिवसांत ते वाक्य पहिल्यांदा माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या कानावर पडलं होतं आणि छत कोसळलं नव्हतं.

त्यांनी शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. रात्री तीनच्या विचाराला रात्री तीनला उत्तर द्यायचं नाही. उशाशी वही ठेवायची, वाक्य लिहायचं आणि त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचची वेळ द्यायची. साडेपाचला चहा घेऊन खरोखर बसायचं, टाळायचं नाही. मी बसायची. तेच वाक्य, माझ्याच अक्षरात. अक्षर रात्री वाकडं आलेलं असायचं. वाक्य खोटं ठरायचं नाही, पण त्याच्यासोबत दुसरीही वाक्यं सुचायची. मुलाला मी कोणती गोष्ट अजून सांगितलेली नाही? कुणाशी तुटलंय ते जोडायचं राहिलंय? असल्या प्रश्नांना रात्री आत यायला जागा नसते, दिवसा मिळते. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्यांशी आमचं वाकडं आलं होतं. एका साडेपाचला मी उठून त्यांच्या घरी गेले.

आणि रात्रीपुरतं शरीराकडे लक्ष. उठून बसायचं, पाय जमिनीला टेकवायचे. आमच्याकडे अजून शहाबादी फरशी आहे, बारा महिने गार. तिचा गारवा तळव्यांना लागतो, तिचा खडबडीतपणा अंगठ्याला कळतो. श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. पाचदहा मिनिटांत धडधड उतरते. भीती जात नाही, पण ती आणि मी एका खोलीत बसू शकतो.

एक गोष्ट त्यांनी बजावून विचारली आणि मीही इथे तितक्याच स्पष्टपणे लिहिते. मरणाची भीती एका क्षणी ‘मग आत्ताच संपवावं’ अशा विचाराकडे वळली, किंवा कशातच रस उरला नाही, खाणंपिणं सुटलं, तर वही आणि फरशी पुरत नाही. त्या दिवशीच माणसाकडे जायचं. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते. 2022 च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे आणि मराठीतही बोलता येतं. माझी वेळ तिथवर गेली नाही. पण क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मग नोव्हेंबर आला.

ज्यांच्या घरी पेन्शन आहे त्यांना नोव्हेंबर म्हणजे काय ते सांगायला नको. हयातीचा दाखला द्यायचा महिना. बाबा जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तीवेतन. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बँकेत यादी आलेली होती. नावासमोर सही किंवा अंगठा. महिना अर्ध्यावर आलेला, त्यामुळे बऱ्याच नावांसमोर सह्या झालेल्या. आईने आपलं नाव शोधायला बोट लावलं आणि ते वरून खाली सरकवू लागली. मधेच बोट थांबलं. तिच्या ओळखीच्या एका बाईंचं नाव होतं, समोरची जागा कोरी.

“या आल्या नाहीत अजून?” तिने विचारलं.

काउंटरवरच्या मुलाने यादीकडे बघितलं. “अजून पंधरा दिवस आहेत आजी. येतील.”

आईने मान हलवली आणि बोट पुढे सरकवलं. त्या कोऱ्या चौकटीकडे मी मात्र बघत राहिले. माझी रात्रीची भीती एवढीशी होऊन त्या चौकटीत मावली होती, दोन बोटं रुंद.

आईने सही केली. मग तो मुलगा म्हणाला, “ऑनलाइनही करून टाकू, म्हणजे पुढच्या वेळी घरून होईल.” त्याने अंगठ्याचं यंत्र पुढे केलं. आईचा अंगठा लागेना. तीनदा पुसून लावला. आयुष्यभर भाकरी थापलेली, राख-मातीने भांडी घासलेली बोटं, रेषा झिजून गेलेल्या. आई ओशाळली, हात पदराखाली घेतला. मुलगा चांगला होता. म्हणाला, “आजी, काही नाही, चेहऱ्यावरून होतं.” त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला. “इकडे बघा. आता डोळ्यांची उघडझाप करा.”

आईला कळेना. ती डोळे मोठे करून स्थिर बघत राहिली, फोटो काढताना बघते तशी.

“आई, डोळे मीट. आता उघड.”

तिने मिटले आणि उघडले. मोबाइलवरचा गोल हिरवा झाला. समोरच्या माणसाने पापणी लवताना पाहिली, एवढाच पुरावा. आणि तो एका वर्षापुरता. पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा द्यायचा.

रिक्षात आई गप्प होती. मग म्हणाली, “तुझे बाबा असताना दोघं जायचो. ते आधी सही करायचे आणि मला म्हणायचे, मी आहे हं.” ती हसली आणि बाहेर बघायला लागली.

त्या रात्री जाग आली तेव्हा मी पाय फरशीला टेकवून बसले होते. पलीकडच्या खोलीतून तांब्या ठेवल्याचा आवाज आला. मी उठून गेले. आई अंधारात खाटेवर बसलेली, पाय खाली सोडून, अगदी माझ्यासारखीच.

“काय गं, झोप नाही?”

“नाही. कसंतरीच होतंय.”

“काय होतंय?”

“होतं असं. या वेळेला होतं.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुझा मामा गेला तेव्हापासून.”

मामा गेला तेव्हा मी सात वर्षांची होते. म्हणजे चाळीस वर्षं. लहानपणी पहाटे डोळा उघडला की स्वयंपाकघरातून सुपाचा आवाज यायचा. पाखडणं, निवडणं, डब्यांची हलवाहलव. आई किती लवकर उठून कामाला लागते, असं आम्ही सगळे कौतुकाने म्हणायचो. बाबा पाहुण्यांना अभिमानाने सांगायचे.

“बाबांना माहीत होतं?”

“त्यांना कशाला उठवायचं? दिवसभर शाळा. मी तांदूळ घेऊन बसायची. खडे निवडेपर्यंत उजाडायचं.”

मी तिच्याशेजारी बसले. मग मीही सांगितलं, ते वाक्य, जसंच्या तसं. तिने ऐकून घेतलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तोच अंगठा, यंत्राला न लागलेला.

आता जाग आली की मी आधी कान देते. तिच्या खोलीतून तांब्याचा आवाज आला तर मी पॅसेजमधला दिवा लावते. तिच्या दाराच्या फटीतून उजेड आत जातो. कधी ती उठून येते, कधी आतूनच खाकरते. काही रात्री मी सूप काढते. तांदूळ आता पिशवीतून स्वच्छच येतात, खडे नसतात, तरी आम्ही दोघी निवडत बसतो.